थांबवून लढायची लढाई

गेल्या वर्षी पोळ्यानंतरच्या रविवारी लातूरच्या एका दैनिकाच्या पुरवणीत, पान चारवर, एका व्हिडिओ गेमच्या दुसऱ्या भागाचं परीक्षण छापून आलं. ते मी लिहिलं होतं. या गेमचा पहिला भाग मी कसा खेळलो होतो, याचा त्यात दोन ठिकाणी उल्लेख होता. माझ्या मोठ्या बहिणीचा उल्लेख एकाही ठिकाणी नव्हता.

पहिला भाग आम्ही दोघं मिळून खेळलो होतो.

तेव्हा आम्ही नांदेडला दोन खोल्या भाड्यानं घेऊन राहत होतो. आई-वडील देवणीला होते. अक्काला रेल्वेत नोकरी लागून दोन वर्षं झाली होती. कोणत्या गाडीवर कोणता ड्रायव्हर आणि कोणता गार्ड जाणार, कोणाची विश्रांती पूर्ण झाली आहे, कोण आजारी आहे, याचा हिशेब लावून ड्यूट्या ठरवायच्या, हे तिचं काम. मी एका दैनिकात शिकाऊ वार्ताहर होतो. बाहेरच्या खोलीत आम्ही दोघांनी मिळून घेतलेला कंप्युटर होता. गेम मी आणला. तिनं तो खेळावा असं माझ्या मनात नव्हतं.

तो गेम असा होता. तुमच्याकडे सहा माणसं. ती एका तळावर राहतात. प्रत्येक लढाईआधी त्यातली चार निवडायची, दोन तळावर ठेवायची. लढाई सुरू झाली की स्पेसबार दाबून ती केव्हाही थांबवता येते. थांबली की चौघांना वेगवेगळा हुकूम द्यायचा: कोणी कुठं उभं राहायचं, कोणी कोणावर वार करायचा, कोणी कोणाला औषध द्यायचं. मग पुन्हा स्पेसबार. गेम सेव्ह केला की यादीत एक नोंद पडते. तीत तारीख असते, अवघडपणाची पातळी असते, सोबत नेलेले चौघं आणि तळावर राहिलेले दोघं असतात. कोणती लढाई झाली, जिंकली की हरली आणि ती किती वेळा थांबवली, तेही असतं.

माणसांची गेममधली नावं इंग्रजी आणि लांबलचक होती. आम्ही ती कधी घेतली नाहीत. ढालवाली, वैद्यबाई, तिरंदाज, चोर, म्हातारा जादूगार आणि तलवारवाला. तलवारवाला गेमचा नायक होता. तो माझा होता.

हलता पडदा पाहिला की अक्काला मळमळतं. देवणीला जाताना ती एस.टी.त खिडकीशी बसून अख्खा रस्ता डोळे मिटून काढते. त्यामुळे पहिले काही दिवस मी खेळत असलो की ती स्वयंपाकघरात असायची. एका रविवारी माझी लढाई थांबलेली होती आणि ती मागून जाताना उभी राहिली.

"ही बाई इथं काय करून राहिली?" तिनं विचारलं. तिचं बोट वैद्यबाईवर होतं.

"लढतीय."

"औषधाची बाई पुढं आन् ढालवाली मागं? कोणी लावली ही ड्यूटी?"

मी म्हणालो, मी. ती म्हणाली, "सस्पेंड करायला पाहिजे तुला."

त्या दिवसापासून आमची एक पद्धत पडली. अक्का पडद्याकडे पाठ करून पलंगावर बसायची, मांडीवर शंभर पानी वही. मी लढाई सुरू करायचो आणि काय चाललं आहे ते तोंडानं सांगायचो. ती "थांब" म्हणाली की मी स्पेसबार दाबायचो. पडदा स्थिर झाला की ती वळून बघायची, वहीत लिहायची आणि चौघांचे हुकूम सांगायची. मी ते दिले की ती पुन्हा पाठ करायची.

सांगण्यात ढिलाई तिला चालत नसे. मी म्हणालो, दोघं जवळ आले, की ती विचारायची, "जवळ म्हंजे किती? पावलं सांग. बातमी सांगून राहिलास का कीर्तन?" त्या काळात ऑफिसात माझ्या बातम्यांची कॉपी सुधारली, असं आमचे मुख्य उपसंपादक म्हणाले होते. कारण त्यांनी विचारलं नाही, मी सांगितलं नाही.

वहीत ती रकाने आखायची. डाव्या बाजूला सहा जण, वर लढाईचं ठिकाण, चौकटीत हुकूम. "ढाल: दारात. वैद्य: मागं, दोन पावलं. तिरंदाज: आधी त्यांचा जादूगार." शेवटचा रकाना विश्रांतीचा. सलग दोन लढायांना कोणी गेलं तर तिसऱ्या लढाईला ती त्याला तळावर ठेवायची. गेममध्ये असा काही नियम नव्हता. मी तसं सांगितलं, तर म्हणाली, "नियम नसल तर लावायचा. थकल्यालं माणूस गाडीवर चढवत न्हाईत."

याला एकच अपवाद होता. तलवारवाल्याला मी कधी तळावर राहू दिलं नाही.

एक हिवाळा आणि एक उन्हाळा आम्ही खेळलो. रविवारी आणि तिच्या सुट्टीच्या दिवशी. पातळी "कठीण" होती. तीही तिनंच निवडली होती. सोप्या पातळीवर हुकूम दिले काय न दिले काय, सारखंच, असं तिचं म्हणणं.

शेवटच्या लढाईत आम्ही चौदा वेळा हरलो. जागा म्हणजे एक अरुंद पूल होता. चौदाव्या वेळेनंतर अक्कानं वहीची मागची पानं चाळली आणि म्हणाली, "तलवारवाल्याला ठेव तळावर. त्याच्या जागी चोर घे."

"नायक हाय तो, अक्का."

"असंल की. चौदा वेळा तोच आधी पडलाय. हातात तलवार हाय म्हणून पळत सुटतो, मग बाकीचे तिघं त्यालाच वाचवून राहतात. पूल लहान हाय, मधी मधी करणारा माणूस नको."

"नायकाशिवाय शेवटची लढाई? कोण जिंकलंय अशी?"

"म्हंजे कोणी करून बघितलंच न्हाई."

मी ऐकलं नाही. पुढचा रविवार याच वादात गेला. त्याच्या पुढच्या रविवारी तिला ड्यूटी आली.

मंगळवारी तिची दिवसपाळी होती आणि मला सुट्टी. दुपारी मी कंप्युटर लावला. पातळी "कठीण"वरून "सोपं" केली. तलवारवाल्याला पुढं ठेवलं. लढाई साडेतीन मिनिटांत संपली. स्पेसबार एकदाही दाबावा लागला नाही.

शेवटची नावं सरकून गेल्यावर पडद्यावर एक प्रश्नावली आली. कंपनीला पुढच्या भागासाठी खेळणाऱ्यांची मतं हवी होती. भरलीच पाहिजे असं नव्हतं. मी भरली. एक प्रश्न असा होता: लढाई थांबवून प्रत्येक साथीदाराला स्वतंत्र हुकूम देणं तुम्हाला कसं वाटलं? पाच पर्याय होते. मी "अनावश्यक" निवडला. पुढच्या भागात काय हवं, या प्रश्नाला "वेगवान लढाई" आणि "कमी साथीदार" या दोन चौकटींत खुणा केल्या.

हजारो लोकांनी ती भरली असणार. माझ्या खुणांनी काही ठरलं, असा दावा मी करत नाही. त्या मी केल्या, एवढंच मला ठाऊक आहे.

संध्याकाळी अक्का आली तेव्हा मी सांगितलं, "जिंकलो."

ती चप्पल काढता काढता थांबली. "कशानं?"

"तू सांगितलं तसंच. ढाल पुढं, वैद्यबाई मागं."

"तलवारवाला?"

"होता."

"बरं," ती म्हणाली. तिनं वही काढली, पुलाच्या पानावर खाली "जिंकलो" असं लिहिलं आणि वही टीव्हीखालच्या कप्प्यात ठेवली. शेवटचं चित्र बघतेस का, असं मी विचारलं. ते हलणारं होतं. ती नको म्हणाली.

पुढच्या महिन्यात मला लातूरच्या दैनिकात डेस्कवर नोकरी मिळाली आणि मी गेलो. कंप्युटर नांदेडलाच राहिला. वर्षभरानं अक्काचं लग्न झालं. दाजी नांदेडच्याच एका कॉलेजात शिकवतात. नव्या घरात तिच्या सामानाबरोबर कंप्युटरही गेला.

दुसरा भाग त्यानंतर चार वर्षांनी आला. जाहिरातीत म्हटलं होतं की लढाई आता सुटसुटीत आहे. मी तो लॅपटॉपवर घेतला आणि पहिल्याच शनिवारी एस.टी.नं नांदेडला गेलो. घरी मी एकट्यानं उघडलाही नव्हता. हे मी अक्काला दोनदा सांगितलं.

तिनं जुनी वही काढून ठेवली होती. मागची तीसेक पानं कोरी होती, त्यांतल्या पहिल्या पानावर रकाने आखून तयार होते. ती पाठ करून बसली. दाजी खुर्चीवर पेपर वाचत होते.

लढाई सुरू झाली. मी सांगू लागलो, "तिघं. डावीकडून. वीस पावलं. पंधरा."

"थांब."

मी स्पेसबार दाबला. नायकानं पुढं कोलांटी मारली आणि तो तिघांच्या मधोमध जाऊन उभा राहिला.

"काय झालं?"

"कोलांटी मारली त्यानं."

"मी थांब म्हणाले."

"स्पेसबारला आता कोलांटी हाय, अक्का."

"मग थांबायचं बटण कोणतं?"

मी सेटिंग उघडून सगळी यादी वाचली. लढाई थांबवून हुकूम द्यायची सोय नव्हती. साथीदार निवडायचा पडदाही काढून टाकलेला होता. तिघं आपोआप बरोबर येत होती आणि आपापलं लढत होती. वैद्यबाई पुन्हा होती, पण कोणाला आधी औषध द्यायचं हे तिचं तीच ठरवत होती. खेळणाऱ्याकडे फक्त नायक आणि चार बटणं उरली होती.

हे मी अक्काला पावलं मोजावीत तसं एकेक करून सांगितलं.

"म्हंजे कोणाला काही सांगायचंच न्हाई?"

"न्हाई."

"आन् सांगितलं तर?"

"ऐकत न्हाईत."

दाजी पेपराआडून म्हणाले, "झालं. आता तुमचे ड्रायव्हर पण आपापले गाडीवर चढायले म्हणल्यावर मॅडम घरी. भाकरी तरी वेळेवर मिळंल."

"भाकरी तुम्हीच थापा मग, तुमचे हात तर रिकामेच हायेत," अक्का म्हणाली. पण ती हसली नाही. तिनं एकदा वळून हलत्या पडद्याकडे बघितलं, लगेच डोळे मिटले आणि पदर तोंडाला लावला. मी लॅपटॉप बंद केला.

थोड्या वेळानं तिनं विचारलं, "हे असं कोणी मागितलं असंल रे?"

मी म्हणालो, "लोकांनी."

वस्तुस्थिती म्हणून हे उत्तर बरोबर होतं.

दुसरा भाग मी लातूरला नऊ दिवसांत संपवला. पुरवणीच्या संपादकांना तरुण वाचकांसाठी काहीतरी हवं होतं. मी परीक्षण देतो म्हणालो.

मी लिहिलं की पहिला भाग अवघड होता. नोकरी करणाऱ्या माणसाला सहा जणांची बलस्थानं पाठ करून, दर चार पावलांना थांबून खेळणं जमत नाही. दुसऱ्या भागात ती अडचण काढली आहे. यात खोटं काही नव्हतं. ओळखीच्या तिघांनी पहिला भाग याच कारणानं अर्धवट सोडला होता. मी असंही लिहिलं: "आता कोणावाचून अडत नाही." शेवटच्या परिच्छेदात चार वाक्यं अक्काबद्दल होती. पाठ करून बसणं, वही, विश्रांतीचा रकाना, आणि हे सगळं नव्या भागात बसत नाही, ही गोष्ट.

पुरवणीचं पान गुरुवारी दुपारी लागतं. पानं लावणारा ऑपरेटर माझ्या शेजारी बसतो. तीन वाजता साड्यांच्या दुकानाची जाहिरात वाढून आली.

"सर, तुमच्यात बारा ओळी जास्त व्हायल्यात."

"खालून काढ."

बातमी खालून कापतात. सगळ्यांत महत्त्वाचं वर, कमी महत्त्वाचं खाली. जागा कमी पडली तर खालचा परिच्छेद न वाचता उडवता आला पाहिजे. शिकाऊ माणसाला पहिल्या आठवड्यात हेच शिकवतात. मीही दरवर्षी शिकवतो.

ऑपरेटरनं मात्र वाचलं. "सर, खालचा पॅरा तुमच्या घरचा दिसायला. एकदा बघा की. वर कंपनीचा इतिहास लई लांबलाय."

मी त्याच्या पडद्याकडे बघितलं. म्हणालो, "उडव."

छापून आल्यावर मी मोजलं. कंपनीच्या इतिहासाच्या सात ओळी होत्या आणि चित्रांच्या दर्जाबद्दल पाच. बेरीज बारा.

रविवारी सकाळी दहा वाजता अक्काचा फोन आला. दाजी आमचं दैनिक घेतात.

"वाचलं. चांगलं लिहिलास."

"हाव."

"एक विचारू? 'आता कोणावाचून अडत नाही' हे वाक्य कंपनीचं का तुझं?"

"माझं."

"बरं. जेवून घे."

त्यानंतर तिचे नेहमीसारखे फोन आले. आईचं गुडघ्याचं दुखणं, देवणीच्या घराचा पत्रा, माझ्यासाठी बघून ठेवलेली एक मुलगी. परीक्षणाचा विषय तिनं काढला नाही. मी काढायचा म्हणून तीनदा फोन केला आणि तिन्ही वेळा पत्र्याबद्दल बोललो.

दसऱ्याच्या आधीच्या शनिवारी मी नांदेडला गेलो. कापलेला परिच्छेद प्रिंट काढून खिशात घेतला होता. अक्काची सुट्टी होती, दाजी कॉलेजात. ती ओट्याशी भाजी निवडत होती. मी कागद तिच्यापुढं ठेवला आणि म्हणालो की हे लिहिलं होतं, जाहिरात आली म्हणून खालून कापलं गेलं.

"कापलं गेलं?"

"मी कापायला सांगितलं."

तिनं ओले हात पुसून कागद वाचला. दोनदा वाचला असावा, वेळ लागला.

"खालचा पॅरा आधी उडतो, हे तर तूच मला शिकवलंस. आपल्या त्या खोलीत, खडू घेऊन फरशीवर."

"हाव."

"मग वर का न्हाई लिहिलास?"

कागदाची घडी घालून तिनं डब्याखाली ठेवली.

मी म्हणालो, "अक्का, आणखी एक सांगायचंय. पहिल्या भागाचं. पुलाचं."

"चहा ठेवते," ती म्हणाली. "तवर तो कंप्युटर लाव. पहिला भाग हाय अजून त्याच्यात."

कंप्युटर आतल्या खोलीत खिडकीखाली होता. त्यावर कापड टाकलेलं होतं, कापडाखाली धूळ नव्हती. बटण दाबल्यावर लगेच सुरू झाला. गेमचं चिन्ह पडद्यावर आमच्या वेळी होतं तिथंच होतं. टीव्हीखालच्या कप्प्यातली वही आता इथं, कीबोर्डच्या डाव्या हाताला होती. मी सेव्ह केलेल्या नोंदींची यादी उघडली.

यादी ताज्या नोंदीपासून सुरू होते. वरून दुसरी नोंद माझी होती. तारीख त्या मंगळवारची. शेवटची लढाई, पूल: जिंकली. पातळी: सोपं. थांबवली: शून्य वेळा.

सगळ्यांत वरची नोंद मी कधी पाहिली नव्हती. तारीख मी लातूरला गेल्यानंतर सहा आठवड्यांची. म्हणजे अक्काच्या लग्नाआधीची आणि दुसरा भाग येण्याच्या जवळजवळ पाच वर्षं आधीची. शेवटची लढाई, पूल: जिंकली. पातळी: कठीण. थांबवली: तीनशे अकरा वेळा. सोबत: ढालवाली, वैद्यबाई, तिरंदाज, चोर. तळावर: म्हातारा जादूगार, तलवारवाला.